चौथा दोष

रंगभूमीवर मी अठ्ठेचाळीस वर्षं काढली. राजे झालो, राजांचे मारेकरी झालो, एका आठवड्यात तर सासरा आणि जावई दोन्ही झालो. माझ्या हातात तलवारी मोडल्या. ऐन प्रेमाच्या प्रवेशात माझी मिशी सुटून नायिकेच्या खांद्यावर जाऊन बसली. एवढं सगळं भोगलेल्या माणसाला सहसा कशाचं नवल वाटत नाही. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं नवल मी पाहिलं ते रंगमंचावर नाही. ते पाहिलं एका विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर, सात नंबरच्या खोलीत, सकाळी सव्वाअकरा वाजता. आणि ते घडवणारी होती माझी बहीण, जिला आम्ही घरात सगळे धाकटी म्हणतो.

धाकटी आता सासष्टची आहे. केस पांढरे, चष्मा जाड, आणि चाल अशी की जिना चढताना ती पायऱ्या मोजतेय असं वाटावं. ती खरंच मोजते. विद्यापीठाच्या त्या जिन्याला चाळीस पायऱ्या आहेत आणि तेविसावी फुटलेली आहे, हे तिने तिथल्या बांधकाम विभागाला तीनदा लेखी कळवलं होतं.

मी एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर घर सोडलं तेव्हा एकोणीसचा होतो, ती नऊची. आई-वडिलांची दुखणी, औषधं, छपराची गळती, सगळं पुढे तिच्या वाट्याला आलं. बाविसाव्या वर्षी ती परीक्षा देऊन सरकारच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात लागली. म्हणजे कचेऱ्या-कचेऱ्यांतून जायचं, तिथलं काम नियमाप्रमाणे चाललंय का बघायचं, आणि मुळात नियमालाच कुठे भोक आहे का तेही बघायचं. छत्तीस वर्षं तिने हे केलं. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणते, "प्रस्ताव आले होते. त्रुटींसह परत पाठवले."

वर्षातून दोनदा मी ट्रंक घेऊन घरी यायचो. ती टेबलाशी पट्टी आणि पेन्सील घेऊन बसलेली असायची. मी तिला चिडवायचो, "धाकटे, तुझं आयुष्य म्हणजे बिनसंवादाची भूमिका आहे गं."

ती मान वर न करता म्हणायची, "आणि तुझे संवाद तरी तुझे कुठे असतात, दादा?"

हे वाक्य मी हसण्यावारी न्यायचो. पुढे ते असं अंगाशी येईल हे मला काय माहीत!

तिच्या डोक्यात शिकवण्याचं खूळ कुठून शिरलं ते तिने मला फार उशिरा सांगितलं. चाळिशीत असताना ती एका लहानशा दवाखान्याच्या तपासणीला गेली होती. तिथे लस ठेवायचं थंड कपाट आलेलं होतं. नवंकोरं, वरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. त्याच्यावर रजिस्टरांचे गठ्ठे रचले होते, कारण त्या खोलीत विजेचा प्लगच नव्हता. लस शेजारच्या गावाहून बर्फाच्या डब्यात यायची आणि कधी कधी वाटेतच वाया जायची. धाकटीने खरेदीची फाईल मागवली. सगळं जागच्या जागी होतं.

"अकरा सह्या होत्या, दादा," ती म्हणाली. "अकरा! आणि त्यातला एकही माणूस चोर नव्हता. मी सगळ्यांना भेटले. सगळे भले. फक्त एकानेही त्या खोलीत जाऊन भिंतीकडे बघितलं नव्हतं."

"मग तू काय केलंस?"

"आक्षेप लिहिला. दुसरं काय करणार? पण त्या दिवशी मला कळलं, की आपण नेहमी उशिरा पोचतो. या लोकांना हे खुर्चीत बसायच्या आधी कुणी शिकवलंच नव्हतं. चौकशी लागली की मग शिकतात, तेही पळवाटा."

निवृत्त झाल्यावर तिने सात विद्यापीठांना पत्रं लिहिली. विषयाचं नाव 'सरकारी वित्तीय व्यवस्थापन आणि नियंत्रण'. हे नाव ऐकूनच मला जांभई आली होती. सहा ठिकाणांहून उत्तर नाही. सातव्या ठिकाणी विभागप्रमुख होते जरा घाबरट, पण सज्जन. त्यांनी तीन वर्षांसाठी प्रयोग म्हणून परवानगी मिळवून दिली. तीन वर्षांनी एक समिती येईल, तास बघेल आणि विषय कायमचा ठेवायचा की गुंडाळायचा ते ठरवेल, अशी अट होती. समितीला पटलं तर आणखी विद्यापीठांतही तो सुरू होणार होता. धाकटीने त्या तीन वर्षांवर आपलं उरलेलं आयुष्य लावलं म्हटलं तरी चालेल.

त्याच सुमारास माझी बायको गेली, गुडघेही बोलायला लागले, आणि मी ट्रंकेसकट धाकटीकडे राहायला आलो. पहिल्या आठवड्यातच तिने मला कामाला लावलं. "तू मागे बस आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत येतो का सांग. बाकी काही सांगू नकोस."

मी गेलो. सात नंबरच्या खोलीत नऊ मुलं-मुली होती. त्यांच्या आवडीचे विषय भरून गेल्यामुळे ती इकडे आली होती, हे तोंडावरून दिसत होतं. खोलीत बाकांऐवजी चार टेबलं मांडलेली, आणि दोन-दोन टेबलांच्या मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे, म्हणजे एकाचा हात दुसऱ्याला दिसू नये. पहिल्या टेबलाने वस्तू मागायची, दुसऱ्याने मंजुरी द्यायची, तिसऱ्याने ती आणायची, चौथ्याने आलेली वस्तू तपासून नोंद करायची आणि फाईल बंद करायची. एका टेबलाचं काम दुसऱ्याने करायचं नाही, कितीही घाई असो, कितीही दोस्ती असो. नेपथ्य मला बरं वाटलं. दाराजवळ एकच हातांची खुर्ची होती. गुडघ्यांना बरी म्हणून मी तिच्यात बसलो, तर पोरं फिदीफिदी हसायला लागली.

"दादा," धाकटी म्हणाली, "ती खुर्ची रिकामी असते."

"का? मोडकी आहे?"

"ती रांगेतल्या माणसाची आहे. ज्याच्यासाठी ही चार टेबलं चाललीत, त्याची." मग तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मालक नटाला न्याहाळतो तसं. "बसलायस तर बस. आजपासून तूच तो."

मला आनंद झाला. भूमिका म्हटली की म्हातारा घोडाही कान टवकारतो. "संवाद किती आहेत?"

"एक. फाईल बंद करायच्या आधी कुणी येऊन तुला विचारलं, 'मिळालं का?' तर खरं उत्तर द्यायचं. काय मिळालं ते मी तुला आधी चिठ्ठीवर लिहून देईन. कुणी विचारलं नाही तर गप्प बसायचं."

"दोन तास?"

"माणसं दोन-दोन वर्षं बसतात."

मंडळी, तुम्हाला खरं सांगतो, त्या खुर्चीत मी सहा आठवडे बसलो आणि कुणीही मला काही विचारलं नाही. दर आठवड्याला एक नवी फाईल यायची. कधी शाळेची बाकं, कधी पुलाचे कठडे, कधी दवाखान्यातल्या खाटा. मुलं जोशात फाईल फिरवायची, शिक्के मारायची, "झालं!" म्हणून टाळ्या द्यायची. आणि माझ्या खिशातल्या चिठ्ठीत लिहिलेलं असायचं, 'खाटा आल्या, पण दारातून आत जात नाहीत.' मी कसलेला नट. नुसत्या भुवईने सहाशे माणसांना रडवलेला. मी खोकून बघितलं, उसासे टाकून बघितले. एकदा तर छाती धरली. चौथ्या टेबलावरच्या मुलाने मला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि परत जाऊन फाईल बंद केली.

धाकटी म्हणाली, "अभिनय करू नकोस. तिथे बसणाऱ्याला तो परवडत नाही."

सातव्या आठवड्यात एक मुलगा दारातून माघारी फिरला आणि ओशाळून म्हणाला, "आजोबा, तुम्हाला… मिळालं का?" मी चिठ्ठीच काढून त्याच्या हातात दिली. तिकडे धाकटी खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होती.

तर अशी ती शिकवायची. चोर पकडायच्या गोष्टी नाहीत, आवाज चढवणं नाही. दर फाईलमध्ये ती मुद्दाम तीन दोष पेरायची. कधी तारीख उलटसुलट, कधी मागितलेलं एक नि आलेलं दुसरं. ते तीन दोष कुठले, ते आधीच एका कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, चिकटवलेल्या जागेवर सही करायची आणि पाकीट माझ्याकडे द्यायची. तास संपला की सगळ्यांदेखत ते फोडायचं. म्हणजे 'मला हे आधीच ठाऊक होतं' असं नंतर कुणालाच म्हणता येऊ नये. तिलाही नाही.

"पण माझ्याकडे का?" मी विचारलं.

"रांगेतल्या माणसाकडे पाकीट सगळ्यात सुरक्षित. त्याच्याकडे कुणी बघत नाही."

आणखी एक रिवाज होता. चारही टेबलांवर एकेक लाल पुठ्ठा असे. फाईलमध्ये काही खटकलं तर कुणीही तो वर करायचा. पुठ्ठा वर झाला की सगळ्यांनी पेनं खाली ठेवायची. दोष दुरुस्त होईपर्यंत कुणी पुढे सरकायचं नाही, मॅडमनीसुद्धा नाही. पोरांनी तिचं नाव 'थांबाबाई' ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

दुसऱ्या वर्षी मुलं सतरा झाली, तिसऱ्या वर्षी सव्वीस. त्या सव्विसांत एक मुलगी होती. लांबून यायची. वही छातीशी धरून चौथ्या टेबलावर बसायची. तिचा आवाज म्हणजे! ओठ हलायचे, पण आवाज घरीच विसरून आल्यासारखा. मी कितीतरी नवख्यांना आवाज फेकायला शिकवलाय. तिला म्हटलं, "पोरी, पोटातून बोल." ती इतकी लाजली की आठवडाभर अजिबातच बोलली नाही. धाकटीने मला झापलं, "ती बघते, ते पुरे आहे. बोलणारे आपल्याकडे उदंड आहेत."

समितीची तारीख अचानक आली. मंगळवारी निरोप, गुरुवारी समिती. विभागप्रमुखांचा चेहरा वरातीतून नवरा पळाल्यासारखा. धाकटी मात्र शांत होती. निदान मला तशी वाटली. तिने शाळेच्या चाळीस बाकांची फाईल तयार केली, तीन दोष पेरले, पाकीट बंद करून मला दिलं. मी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून दोनदा थोपटलं.

गुरुवारी समितीचे तिघे जण भिंतीशी ओळीने बसले. अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, उंच, चष्मा दोरीने गळ्यात. मी माझ्या खुर्चीत. आणि मुलांनी काय काम केलं म्हणून सांगू! पहिल्या टेबलाने पहिला दोष धरला. दुसरा तिसऱ्या टेबलाने. तिसरा दोष चांगला खोल पुरलेला होता, तोही अर्ध्या तासात वर आला. अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. विभागप्रमुख पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसले. आता चौथ्या टेबलाने फाईल बंद करायची, कुणीतरी मला विचारायचं, मी एक शब्द बोलायचा, पाकीट फोडायचं आणि टाळ्या. माझा शब्द जिभेवर तयार होता.

आणि त्या मुलीने लाल पुठ्ठा वर केला.

पेनं खाली गेली. धाकटी तिच्याकडे वळली. "बोल."

"मॅडम," ती म्हणाली, "ही फाईल माझ्याच्याने बंद होणार नाही."

"का?"

"पहिल्या पानावर दोन सह्या लागतात. तयार करणाऱ्याची एक आणि पडताळणाऱ्याची एक. दोन माणसांच्या." तिने पानावर बोट टेकवलं. "दोन्ही तुमच्या आहेत."

मी सांगतो, तिने आवाज फेकला नव्हता. पण तो भिंतीशी बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला, कारण खोलीत दुसरा आवाजच उरला नव्हता.

धाकटी चौथ्या टेबलापाशी गेली. पान हातात घेतलं, चष्मा वर सरकवून डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघितलं. मग पान खाली ठेवून म्हणाली, "बरोबर आहे. फाईल थांबली."

विभागप्रमुख पुटपुटले, "मॅडम, दुसऱ्या सहीचं नंतर बघू… अजून पाऊण तास आहे."

"दुसरी सही म्हणजे दुसऱ्या माणसाने पहिल्यापासून सगळं तपासायचं, सर. ते आत्ता इथे होणार नाही." ती समितीकडे वळली. "आजचा तास इथेच थांबतो. माफ करा." आणि तिने मुलांना नमस्कार केला. मुलांना, बरं का, समितीला नाही. मग ती टेबलं आवरायला लागली.

मी भारावून गेलो. काय ही रचना! स्वतःचीच सही दोष म्हणून पेरायची, ती सगळ्यात अबोल मुलीकडून धरवायची आणि टाळीच्या वाक्यावरच पडदा टाकायचा! व्हरांड्यात समितीचे अध्यक्ष विभागप्रमुखांना तेच म्हणत होते. "स्वतःवरच नियम चालवून दाखवायचा, हे मी कुठेच पाहिलं नव्हतं. काय योजना आहे बाईंची! आम्ही अनुकूल आहोत." मी तिथेच उभा होतो. धाकटी आत होती. म्हणून तिच्या वतीने मीच कमरेत वाकून अभिवादन केलं. सवय हो, जाते कुठे!

घरी येताना मी ते शब्द पुष्पगुच्छासारखे जपून आणले. दुपारचे चार वाजले होते. धाकटी कपात चहा ओतत होती. मी अध्यक्षांची पूर्ण नक्कल करून सांगितलं, गळ्यातल्या चष्म्यासकट. ओतता ओतता तिचा हात थांबला.

"पाकीट कुठाय?"

मी कोटाचा खिसा थोपटला. "इथे. गडबडीत फोडायचं राहिलंच."

"त्यात तीनच आहेत, दादा."

मला कळायला वेळ लागला. ती चहाचं भांडं खाली ठेवून स्टुलावर बसली. दर आठवड्याला विद्यापीठाच्या हिशेब विभागातल्या एक बाई येऊन फाईल पडताळून सही करायच्या. गेल्याच आठवड्यात त्यांची बदली दुसरीकडे झाली. धाकटीने दुसरं माणूस मागितलं होतं, विभागप्रमुख 'बघू' म्हणाले होते. मंगळवारी रात्री डोक्यावर समिती, फाईल तयार, पहिल्या पानावर दोन रिकाम्या चौकटी.

"हात चालत गेला," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या फाईलींवर मी हाच एक आक्षेप सगळ्यात जास्त वेळा लिहिला असेन. आणि माझाच हात चालत गेला. मला दिसलंसुद्धा नाही. त्या पोरीला दिसलं."

तेवढ्यात फोन वाजला. विभागप्रमुखांचा आवाज पलीकडच्या खोलीतही ऐकू येईल इतका खुशीत होता. समितीची शिफारस झाली होती, एकमताने. विषय कायम! आठ दिवसांत आदेश निघेल. धाकटी "बरं" म्हणाली, "आभारी आहे" म्हणाली आणि फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"अजिबात नाही," मी म्हणालो. मला ती नजर ओळखू येते. "धाकटे, ऐक माझं. एकदा युद्धाच्या प्रवेशात माझी तलवार मुठीपासून मोडली. मी मूठ फेकून दिली आणि रिकाम्या हाताने शत्रूला मिठी मारली. प्रेक्षक उभे राहिले! त्यांना वाटलं, नाटकातच आहे तसं. मी काय पुढे येऊन सांगू, की थांबा, तलवार खरीच मोडली? आलेली टाळी घ्यायची असते."

"तुझी तलवार मोडली तर कुणाच्या पोराची लस वाया जात नाही, दादा."

"अगं, पण खोटं कुठे बोललीस तू? त्यांनी आपणहून समजूत करून घेतली."

"अकरा जणांनीही आपणहूनच समजूत करून घेतली होती, की त्या भिंतीला प्लग असणार."

मी शेवटचं अस्त्र काढलं. आता लाज वाटते, पण काढलं खरं. "पाकीट माझ्याकडे आहे. म्हातारा माणूस, काहीही हरवू शकतो."

ती चिडली नाही. तिने थंड झालेला चहा परत भांड्यात ओतला, गरम करायला ठेवला आणि म्हणाली, "तू तीन वर्षं त्या खुर्चीत बसलास. तुलाही नाही कळलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पत्र लिहिलं. मी समोरच बसलो होतो, तोंड फुगवून. पत्र अर्ध्या पानाचं. ज्या दोषामुळे तास थांबला तो पेरलेला नव्हता, माझ्या हातून झालेला होता. पाकीट न फोडता सोबत जोडलंय, त्यात तीनच दोष आढळतील. हे कळल्यावर समितीने आपला निर्णय पुन्हा तपासावा. एवढंच. 'बदली', 'घाई', 'बघू' हे शब्द कुठेही नव्हते. एकाही सबबीला जागा नव्हती.

मग तिने पत्र माझ्याकडे सरकवलं. खाली दोन चौकटी होत्या. एकीत तिची सही होती.

"दुसरी तुझी," ती म्हणाली. "तू तिथे होतास. अध्यक्ष काय बोलले ते तूच ऐकलंस, मी नाही. प्रत्येक वाक्य ताडून बघ आणि खरं असेल तर सही कर. नसेल तर करू नकोस. मी रागावणार नाही."

अठ्ठेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं खरी वाटावीत म्हणून घाम गाळला. शपथा घेतल्या, प्राण सोडले, सिंहासनं नाकारली. 'हे वाक्य खरं आहे का?' असं मला कधीच कुणी विचारलं नव्हतं. मी ते अर्धं पान चार वेळा वाचलं. एका ठिकाणी तिने 'अध्यक्षांनी प्रशंसा केली' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "ते असं म्हणाले नाहीत. 'काय योजना आहे बाईंची' असं म्हणाले." तिने ते वाक्य बदलून पत्र पुन्हा लिहिलं. मग मी सही केली. चाहत्यांच्या वह्यांवर हजार वेळा केलेली माझी झोकदार सही मला त्या चौकटीत जमेना. शाळेतल्या मुलासारखं पूर्ण नाव लिहिलं.

पत्र मिळाल्यावर विभागप्रमुख घरी आले. "मॅडम, हातातोंडाशी आलेला घास!" एवढंच म्हणून बसून राहिले. त्यांचा राग खरा होता, दुःखही खरं होतं. धाकटीने त्यांना चहा दिला. "सर, मुलगी उभी राहिली तेव्हाच हा विषय शिकवून झाला. आता तो कायम राहो न राहो." तिचा आवाज स्थिर होता. पण पुढचे बावीस दिवस ती टपालाच्या वेळेला दारात उभी असायची, हे मी पाहत होतो. खोलीतले पुठ्ठ्याचे आडोसे तिने घरी आणून पलंगाखाली ठेवले. रात्री त्यांच्यावरची धूळ झटकायची आणि पुन्हा ठेवायची.

बाविसाव्या दिवशी उत्तर आलं. कायम मान्यता मागे घेतली होती. मी डोकं धरून बसलो. धाकटीने पुढे वाचलं आणि खुदकन हसली. फार वर्षांनी ऐकलं ते हसू, नऊ वर्षांच्या पोरीचं. समितीने एक वर्षाची मुदत दिली होती, एका अटीवर: 'संपूर्ण विषय एकाच व्यक्तीवर अवलंबून आहे, हाच यातील मूळ दोष आहे. दुसरा स्वतंत्र शिक्षक नेमावा.' खाली अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती, 'चौथा दोष मलाही दिसला नव्हता.'

"बघ, बघ," ती कागद नाचवत म्हणाली, "बरोबर जागी बोट ठेवलंय! मला तीन वर्षांत हे सुचलं नाही."

दुसरा शिक्षक म्हणून तिने कुणाला आणावं? कोषागारातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थाला, जो वीस वर्षं तिच्या फाईली परत पाठवायचा. घरात आम्ही त्याला खडूस म्हणूनच ओळखायचो. आईच्या दुखण्याच्या वेळी त्याने हिचा रजेचा अर्जसुद्धा परत पाठवला होता. मी म्हटलं, "जगात दुसरं माणूस नाही का?"

"माझी चूक सोडणार नाही असं दुसरं नाही."

खडूस आला. आल्या दिवशी त्याने तिची पहिली फाईल पडताळली आणि सही न करता परत दिली. ती अशी खुलली की काय सांगू! वर्षभर दोघं कोंबड्यांसारखी भांडली आणि मुलं ते बघून शिकली. वर्ष संपताना विषय कायम झाला. आज तो आणखी तीन विद्यापीठांत शिकवला जातो आणि तिथेही दाराजवळ एक खुर्ची असते, असं ऐकतो. ती अबोल मुलगी आता दवाखान्यांच्या खरेदी विभागात आहे. धाकटीला ती फोन करते तेव्हा मला अजूनही काही ऐकू येत नाही.

मी शहात्तरचा झालो. दर गुरुवारी चाळीस पायऱ्या चढतो. तेविसावी दुरुस्त झाली आहे. परवा नव्या मुलांचा पाचवा तास होता. दवाखान्याच्या चाकांच्या खुर्च्यांची फाईल. मुलांनी तिन्ही दोष शोधले, शिक्का मारला, "झालं!" म्हणून दप्तरं उचलली आणि दाराकडे निघाली. धाकटी गप्प, खडूस गप्प. सगळी माझ्यासमोरून गेली. शेवटची मुलगी उंबऱ्यावर थबकली आणि मागे वळली.

"आजोबा, तुम्हाला मिळालं का?"

खिशातली चिठ्ठी मी सकाळीच वाचली होती. राजा म्हणून, मारेकरी म्हणून, सासरा म्हणून मी काय काय बोललो असेन, पण एवढा जड शब्द माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. मी तो साधाच उच्चारला.

"नाही."

बाहेर जिन्यावर पोचलेली मुलं एकेक करून परत आली आणि आपापल्या टेबलाशी बसली.